कानातले : इन-इअर मॉनिटरवरील चित्रकाम आणि वैयक्तिक अभिरुचीचा प्रश्न

प्रास्ताविक

मराठीत ‘कानातले’ हा शब्द विशेषण म्हणून सुरू झाला आणि नाम होऊन स्थिरावला. कानात जे घालायचे ते, एवढाच त्याचा शब्दार्थ. परंतु तो उच्चारताच कुडी, बुगडी, वेल, झुबे असे दागिनेच डोळ्यांपुढे येतात. कानात घालायची वस्तू म्हणजे अलंकार, हे समीकरण भाषेनेच गृहीत धरलेले आहे. श्रवणयंत्रही कानातच घालतात, पण त्याला कोणी ‘कानातले’ म्हणत नाही. या भाषिक भेदात अभिरुचीविषयीचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे आणि तो एका अगदी अलीकडच्या वस्तूच्या निमित्ताने विचारात घेणे शक्य आहे.

ही वस्तू म्हणजे गायक-वादकांच्या कानाच्या मापाने घडवलेला इन-इअर मॉनिटर. मंचावरील कलावंताला स्वतःचा आणि साथीदारांचा आवाज ऐकू यावा यासाठी पूर्वी त्याच्या पायाशी तिरके ठेवलेले ध्वनिक्षेपक असत. त्यांचे काम आता कानात बसणाऱ्या या लहानशा यंत्राकडे आले आहे. मापाने घडवलेल्या मॉनिटरची बाहेरून दिसणारी चपटी बाजू ‘फेसप्लेट’ या नावाने ओळखली जाते. तिच्यावर आपल्या पसंतीचे चित्र, बोधचिन्ह, नावाची आद्याक्षरे, लाकडाचा काप, शिंपल्याचा तुकडा किंवा चमकी बसवून घेण्याची प्रथा आज सर्वत्र रूढ आहे. या चित्रकामाविषयी मूल्यविवेचन करू जाता एकच उत्तर मिळते : ‘ज्याची त्याची आवड.’ हे उत्तर चर्चेचा आरंभ म्हणून ठीक आहे. परंतु बहुधा ते चर्चा संपवण्यासाठीच दिले जाते. प्रस्तुत लेखात या उत्तराची तपासणी केली आहे.

वस्तूची घडण

इन-इअर मॉनिटरचा इतिहास सांगताना जेरी हार्वी यांचे नाव प्रथम घेतले जाते. ‘व्हॅन हेलन’ या अमेरिकन रॉक वाद्यवृंदासाठी मंचावरील आवाजाची व्यवस्था पाहणाऱ्या हार्वी यांनी १९९५ मध्ये ढोलवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानात बसणारा मॉनिटर तयार केला आणि त्यातून ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. २००८ मध्ये ती लॉजिटेककडे गेली. तत्पूर्वीच हार्वी यांनी ‘जेएच ऑडिओ’ ही स्वतःची दुसरी कंपनी काढलेली होती. अर्थात हार्वी यांच्या आधीही असे प्रयोग झालेले होते. मात्र आरंभीच्या उत्पादनाचे काम कोठे झाले, याकडे या इतिहासात पुरेसे लक्ष दिले जात नाही. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील ‘वेस्टोन’ ही १९५९ पासून श्रवणयंत्रांचे कर्णसाचे बनवणारी प्रयोगशाळा होती, आणि संगीतकारांच्या या नव्या वस्तूला तिने आपले हात दिले. आतील ध्वनिनिर्मिती करणारे सूक्ष्म ड्रायव्हरदेखील नोल्ससारख्या कंपन्यांनी मुळात श्रवणयंत्रांसाठीच विकसित केलेले होते. तात्पर्य, इन-इअर मॉनिटर हे श्रवणयंत्राचे सख्खे भावंड आहे.

घडणीची प्रक्रियाही दोघांची एकच. श्रवणतज्ज्ञ कानाच्या नळीत दोरा बांधलेला स्पंजचा किंवा कापसाचा छोटा अडसर बसवतो आणि सिरिंजने पातळ सिलिकॉन भरतो. काही मिनिटांत ते घट्ट होते आणि कानाचा ठसा हाती येतो. संगीतकाराच्या बाबतीत हा ठसा नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे पोहोचावा लागतो, आणि तो घेताना दातांमध्ये एक ठोकळा धरून तोंड उघडे ठेवावे लागते. कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो, आणि गायक काही तोंड मिटून गात नाही. या ठशावरून साचा आणि साच्यातून अतिनील प्रकाशात कठीण होणाऱ्या अ‍ॅक्रिलिक राळेचे पोकळ कवच तयार होते. त्यात ड्रायव्हर, आवाजाच्या नळ्या आणि तारा बसवल्या की शेवटी फेसप्लेट चिकटवून कडा घासून एकजीव करतात. त्रिमित छपाईने यांतील बरेचसे हस्तकाम आता संगणकाकडे गेले आहे (श्रवणयंत्रांच्या व्यवसायाने हे तंत्र संगीताच्या व्यवसायाच्या पुष्कळ आधी स्वीकारले होते), तरी फेसप्लेटचे काम अद्याप बहुतांशी हातानेच होते.

या घडणीकडे पाहिले की ‘वैयक्तिक’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ एकाच वस्तूत कसे एकत्र आले आहेत ते ध्यानात येते. कानाचा आकार हा अत्यंत वैयक्तिक. डावा कानही उजव्याची हुबेहूब प्रतिकृती नसतो. पण तो निवडलेला नाही, लाभलेला आहे. आवाजाचा पोत, म्हणजे खर्जाचा भर किती आणि तार स्वरांची धार किती, हा काही अंशी निवडीचा भाग. पण ती निवड उत्पादकाने देऊ केलेल्या चार-सहा नमुन्यांपुरती. उरले ते चित्र. तेथे ग्राहकाला संपूर्ण मोकळीक आहे असे सांगितले जाते आणि म्हणून तेथेच त्याचे व्यक्तित्व प्रकट होते असे मानले जाते. प्रत्यक्षात काय दिसते? कवट्या, ड्रॅगन, पंख, ज्वाला, राष्ट्रध्वज, चित्रपटांतील अतिमानवांची चिन्हे, आकाशगंगा, कार्बन फायबरची वीण. म्हणजे जेथे निवडीला सर्वाधिक वाव, तेथे साचेबंदपणा सर्वाधिक. आणि खरोखर अनन्य असे जे काही आहे ते कवचाच्या आतल्या, कोणालाही न दिसणाऱ्या वळणांत आहे.

आवड, हौस आणि अभिरुची

इंग्रजीत ‘टेस्ट’ या एकाच शब्दावर भागवावे लागते. मराठीत मात्र आवड, हौस आणि अभिरुची असे तीन वेगळे शब्द हाताशी आहेत आणि त्यांची अदलाबदल सहसा होत नाही. आवडीला कारण द्यावे लागत नाही. कोणाला कारले आवडते, कोणाला नाही. हौसेला खर्च लागतो आणि बघणाराही लागतो. लग्नात हौस करतात ती चार लोकांसमोर; हौसेला मोल नसते असे म्हणताना तिच्यावर होणारा खर्चच अधोरेखित होत असतो. अभिरुची मात्र घडवावी लागते, तिचा कस लागतो आणि ती उणी ठरू शकते. ‘त्याची आवड वाईट आहे’ हे वाक्य विचित्र वाटते. ‘त्याची अभिरुची हीन आहे’ हे वाक्य कटू असले तरी अर्थपूर्ण आहे.

हा भेद पाश्चात्त्य सौंदर्यमीमांसेला अपरिचित आहे असे नव्हे. कान्टने १७९० मधील आपल्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांच्यात रेषा ओढली ती याच कारणासाठी. एखादे मद्य ‘मला’ सुखद वाटते अशी दुरुस्ती मनुष्य निमूट मान्य करतो. परंतु एखादी वस्तू ‘माझ्यापुरती सुंदर’ आहे असे म्हणणे कान्टला हास्यास्पद वाटते, कारण सुंदर म्हणताना इतरांच्या संमतीची अपेक्षा त्या शब्दातच सामावलेली असते. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे कान्टची ही मांडणी मराठी अभ्यासकांना परिचित आहेच. ह्यूमने त्याआधी, १७५७ मध्ये, अभिरुचीच्या निकषाविषयी लिहिताना दोन मद्यपारख्यांची कथा सांगितली होती. एकाला मद्यात चामड्याची किंचित चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांना हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामडी पट्टा बांधलेली एक जुनी किल्ली निघाली.

श्रवणाच्या क्षेत्रात ही किल्ली अलीकडे काही प्रमाणात सापडली आहे. ‘आवाजाची आवड ज्याची त्याची’ हे ध्वनियंत्रांच्या शौकिनांचे लाडके विधान. हरमन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ पासून पुढे हेडफोन आणि इन-इअर यांच्याबाबत ज्या श्रवणचाचण्या प्रसिद्ध केल्या, त्यांत यंत्राचे नाव वा रूप समोर नसताना बहुसंख्य श्रोत्यांची पसंती एकमेकांच्या बरीच जवळ येते असे आढळले. मतभेद राहिला तो मुख्यत्वे खर्जाच्या प्रमाणाबाबत. म्हणजे जे खासगी समजले जात होते ते बऱ्याच अंशी सामायिक निघाले. नावे आणि रूपे झाकली तेव्हा ते सामायिक निघाले, हा मुद्दा येथे महत्त्वाचा. कान एकटा पडला की तो इतरांच्या कानांसारखाच वागतो. डोळे उघडले, किंमत कळली, फेसप्लेट दिसली, की लगेच ‘माझी आवड’ सुरू होते.

येथे बूर्द्यूचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. फ्रान्समधील १९६० च्या दशकातील पाहण्यांच्या आधारे १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने अभिरुचीला सामाजिक दर्जाची खूण मानले. इन-इअर मॉनिटरची किंमत काही शे डॉलरपासून दोन हजार डॉलरच्या पुढे जाते, तेव्हा बूर्द्यूचे विवेचन येथे सहज लागू पडावे असे वाटते. ते पुरते लागू पडत नाही. मापाने घडवलेला मॉनिटर दुसऱ्याच्या कानात बसत नाही, त्यामुळे तो विकता येत नाही. विकायचाच तर कवच फोडून आतील ड्रायव्हर नव्या कवचात बसवावे लागतात आणि चित्र केराच्या टोपलीत जाते. पुनर्विक्रीचे मूल्य जवळपास शून्य असलेली ही मिरवणूक आहे. बूर्द्यूच्या भांडवलापेक्षा आपल्याकडची ‘हौस’ हीच संकल्पना तिला अधिक नेमकी लागू पडते.

न दिसणारे चित्र

फेसप्लेटवरील चित्राचे वैशिष्ट्य असे की ते ज्याच्या आवडीचे असते त्याला वापराच्या वेळी ते कधीच दिसत नाही. अंगठी घालणाऱ्याला अंगठी दिसते, घड्याळ दिसते, गिटारवरचे चित्रही वादकाला मान वळवून पाहता येते. कानातले चित्र आरशाशिवाय पाहता येत नाही, आणि आरशातही ते तिरकसच दिसते. ‘मी हे माझ्यासाठी करून घेतले’ हे विधान येथे अडखळते.

मग ते कोणाला दिसते? फेसप्लेट अंगठ्याच्या नखाहून थोडीच मोठी. तीवर केस, कानाच्या पाळीची सावली आणि कानावरून मागे वळवलेली तार. दहा फुटांवरच्या साथीदाराला रंग कळेल, ड्रॅगन कळणार नाही. सभागृहातील प्रेक्षकाला तर काहीच नाही. शिवाय कवच कानात बसताना फिरवून बसवावे लागते, त्यामुळे टेबलावर सरळ दिसणारे अक्षर कानात कलते. जाणता कारागीर हा कल आधीच हिशेबात धरतो, पण ग्राहकाने पाठवलेले चित्र त्या हिशेबाने काढलेले क्वचितच असते. पुढचा मुद्दा जोडीचा. डाव्या फेसप्लेटवर डावा पंख आणि उजव्या फेसप्लेटवर उजवा पंख, किंवा एकाच वाक्याचे दोन तुकडे, ही रचना अतिशय लोकप्रिय आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत तिला संवादलयीचे अगदी प्राथमिक उदाहरण म्हणता येईल. परंतु माणसाचे दोन्ही कान एका वेळी पूर्ण दिसतील अशी जागा जगात कोठेही नाही. ही लय ज्या दृष्टिक्षेपात पूर्ण व्हायची तो दृष्टिक्षेपच अस्तित्वात नाही. ती पूर्ण होते फक्त डबीत, मखमलीवर, शेजारी शेजारी ठेवून काढलेल्या छायाचित्रात. या चित्रकामाचे खरे स्थान कानात नसून छायाचित्रात आहे, आणि उत्पादकांच्या प्रसिद्धिपत्रकांतही ते बहुधा कानाविनाच दिसते.

याला एक अपवाद आहे आणि तो फार बोलका आहे. इन-इअर मॉनिटर बाहेरचा आवाज पुष्कळसा अडवतो. उत्पादक सुमारे २६ डेसिबलचा आकडा सांगतात. आपल्याकडे न ऐकणाऱ्याविषयी ‘कानात बोळे घालून बसला आहे’ असे म्हणतात. हा बोळा रंगीत आहे एवढेच. परिणामी गायक प्रेक्षकांपासून तुटतो. म्हणून ध्वनिव्यवस्थापक सभागृहाकडे तोंड केलेले वेगळे मायक्रोफोन लावून प्रेक्षकांचा आवाज त्याच्या कानात सोडतात. तरीही हजारो लोक आपले गाणे एकसुरात म्हणू लागले की गायक एका कानातला मॉनिटर उपसून काढतो आणि तो खांद्यावर लोंबू लागतो. श्रवणतज्ज्ञांना ही सवय मुळीच पसंत नाही, कारण एक कान मोकळा झाला की दुसऱ्या कानातला आवाज वाढवला जातो. पण नेमक्या त्याच क्षणी, पडद्यावरील समीपदृश्यात, फेसप्लेटवरचे चित्र जगाला दिसते. वस्तू आपले काम थांबवते तेव्हा तिचा अलंकार कामाला लागतो.

दक्षिण कोरियातील लोकप्रिय संगीताने या क्षणाचे शास्त्रच बनवले आहे. तेथील गायक-नर्तकांचे मॉनिटर त्यांच्या नावांनी, समूहाच्या बोधचिन्हांनी, खड्यांनी आणि ठरावीक रंगांनी सजवलेले असतात. चाहते ते ओळखतात, नव्या दौऱ्यातील नवी जोडी टिपतात, तिचे अर्थ लावतात. अशा वेळी फेसप्लेटला ‘वैयक्तिक आवड’ म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. भरताच्या चतुर्विध अभिनयातील आहार्याशी तिचे नाते अधिक जवळचे आहे : वेष, भूषणे आणि रंग यांतून पात्राची ओळख घडवणारा अभिनय. नाट्यशास्त्रात अलंकारांचे आवेध्य, बंधनीय, प्रक्षेप्य आणि आरोप्य असे प्रकार सांगितले आहेत, आणि कर्णभूषणे आवेध्यात, म्हणजे टोचून घालायच्या अलंकारांत येतात. मॉनिटर कानात कुंडलापेक्षा कितीतरी खोल जातो, पण टोचत नाही. त्याला कोणत्या वर्गात घालायचे हा प्रश्न जिज्ञासूंनी सोडवावा.

पेशवाईच्या स्मरणाने आजही काही तरुण भिकबाळी घालतात. तिच्याशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. भिकबाळीतील मोती आणि खडा यांची निवड परंपरेने ठरलेली; घालणारा ‘माझी कल्पना’ असा दावा करत नाही. ती कोणाला दाखवायची, हेही तो लपवत नाही. फेसप्लेटवरचे चित्र मात्र दाखवण्यासाठी असूनही स्वतःला खासगी म्हणवून घेते. समीक्षेचा आक्षेप चित्रावर नाही, या दाव्यावर आहे.

कारागिराची अभिरुची

या क्षेत्रातील सर्वांत लक्षणीय काम, चमत्कारिक वाटले तरी, ग्राहकाने आपली आवड बाजूला ठेवली तेथे झालेले दिसते. ‘नोबल ऑडिओ’चे जॉन मोल्टन हे व्यवसायाने श्रवणतज्ज्ञ, ‘विझर्ड’, म्हणजे जादूगार, या टोपणनावाने ते ओळखले जातात. त्यांच्या हातून घडणाऱ्या खास जोड्यांत ग्राहक फार तर रंगाची दिशा सुचवतो. द्रव्य, पोत आणि रचना यांचा निर्णय कारागिराचा. प्रत्येक जोडी वेगळी. लाकडाची गाठ, राळेत अडकलेले धातूचे कण, शिंपल्याचे तुकडे, एकावर एक ओतलेले रंगांचे थर यांतून घडलेल्या या फेसप्लेटवर ओळखीचे ‘चित्र’ नसते. पण द्रव्याच्या स्वभावाचे भान असते. मर्ढेकरांनी कलाकृतीचा विचार माध्यमातील संवेदनांच्या रचनेपासून सुरू केला. त्या दृष्टीने पाहता, नखाएवढ्या जागेत कोंबलेल्या ड्रॅगनपेक्षा त्याच जागेत नीट बसलेली लाकडाची एक वलयरेषा कितीतरी सरस ठरते. येथे पैसे देणारा अभिरुची विकत घेत नाही, दुसऱ्याच्या अभिरुचीवर विश्वास टाकतो. सोनाराला ‘तुम्हाला योग्य वाटेल तसे करा’ असे सांगणारे गिऱ्हाईक आपल्याकडेही असे; ते त्या सोनाराचे सहृदय.

याच निकषावर कार्बन फायबरच्या फेसप्लेटचे मूल्य मात्र कमी ठरते. शर्यतीच्या मोटारीत किंवा विमानात या द्रव्याला वजन आणि बळ यांचा अर्थ आहे. कानात ते कोणताच भार पेलत नाही, केवळ तंत्रज्ञानाचा वेष घेते. याउलट पूर्ण पारदर्शक, चित्ररहित कवच हे या प्रकारातील सर्वांत प्रामाणिक रूप म्हणावे लागेल. त्यात ड्रायव्हरची चौकोनी धातूपेटी, आवाजाच्या नळ्या, केसाएवढ्या तारा आणि झाळकामाचे ठिपके स्पष्ट दिसतात. राळेत हवेचा एखादा बुडबुडा राहिला तरी लपत नाही. असे कवच घडवणे अधिक कठीण असते, ही गोष्ट ग्राहकाच्या लक्षात सहसा येत नाही.

व्हिएन्नातील वास्तुकार आडोल्फ लोस याने विसाव्या शतकाच्या आरंभी अलंकरणावर जो प्रसिद्ध हल्ला चढवला त्यातील एक मुद्दा आर्थिक होता : वस्तू टिकते, पण तिच्यावरील नक्षी आधी जुनी होते, आणि मग धडधाकट वस्तूही टाकून द्यावी लागते. इन-इअर मॉनिटरमध्ये याचे उलटे रूपही पाहायला मिळते. वजन घटले-वाढले, वय झाले की कानाच्या नळीचा आकार बदलतो, कवच सैल होते आणि खर्ज गळू लागतो. मग चित्र कितीही ताजे असले तरी कवचाबरोबर ते जाते. येथे वस्तूच्या आधी देह जुना होतो. लोसच्या युक्तिवादाचे बाकीचे भाग, विशेषतः गोंदवून घेणाऱ्या समाजांविषयीची त्याची तुच्छता, आज स्वीकारण्याजोगे नाहीत. परंतु अलंकाराचे आयुष्य किती, हा त्याचा प्रश्न अजून जिवंत आहे.

चित्रकामातील एकच गोष्ट उपयुक्त आहे आणि ती अलंकार म्हणून जन्मलीच नव्हती. उजवा तांबडा आणि डावा निळा. श्रवणतज्ज्ञ ऐकण्याच्या आलेखात उजव्या कानाची नोंद तांबड्या रंगात आणि डाव्याची निळ्या रंगात करतात. तीच खूण श्रवणयंत्रांवर आली आणि तेथून मॉनिटरवर. मंचामागच्या अंधारात कोणता मॉनिटर कोणत्या कानाचा हे तिच्यामुळे कळते. आज अनेक वादक संपूर्ण कवचच तांबडे-निळे मागवतात, आणि ती त्यांची आवड समजली जाते.

त्वचेचा रंग

या तांबड्या-निळ्या खुणेपाशी विवेचन पुन्हा त्या सख्ख्या भावंडाकडे येते. तोच ठसा, तीच राळ, त्याच घराण्यातले ड्रायव्हर, बहुधा तेच हात. एक वस्तू शाबूत कानासाठी, दुसरी अधू कानासाठी. पहिलीवर चमकी आणि दुसरी ‘त्वचेच्या रंगाची’. श्रवणयंत्राच्या रूपाचा अनेक दशके एकच आदर्श होता : ते दिसू नये. जाहिरातींनी त्याच्या अदृश्यतेचीच थोरवी गायिली. आपल्याकडेही खिशातल्या यंत्राची तार सदऱ्याच्या आतून नेण्याची आणि केस कानावर वाढवण्याची धडपड अनेक घरांनी पाहिली आहे. ज्याची त्याची आवड म्हणणाऱ्या युगाने अधू कानाला आवडच ठेवली नव्हती.

चष्म्याचे तसे झाले नाही, हा मुद्दा ग्रॅहम पुलिन यांनी २००९ मध्ये अभिकल्प आणि अपंगत्व यांविषयीच्या आपल्या पुस्तकात मांडला. चष्मा हेदेखील न्यूनतेचे उपकरण. परंतु तो लपवण्याचा प्रयत्न सोडून दिला गेला आणि चौकटींची अभिरुची निर्माण झाली. त्याआधी २००५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘हिअरवेअर’ हे प्रदर्शन भरले होते. श्रवणयंत्र दागिन्यासारखे, चष्म्यासारखे, उघडपणे का घालू नये, हा प्रश्न तेथे अभिकल्पकांपुढे ठेवला गेला. प्रदर्शनातील बहुतेक कल्पना दुकानांपर्यंत पोहोचल्या नाहीत. संगीतकारांच्या फेसप्लेटवर मात्र तोवर ज्वाला आणि कवट्या अवतरल्या होत्या. शाबूत कानावरील तीच राळ दागिना ठरली आणि अधू कानावर ती व्यंगाची खूण राहिली. फरक द्रव्यात नव्हता, कारागिरीत नव्हता, आवडीतही नव्हता. पाहणाऱ्याने आधीच काय ठरवले आहे, त्यात होता. वैयक्तिक अभिरुचीची भाषा येथे सर्वाधिक अपुरी पडते. आपली आवड कानावर मिरवण्याचा अधिकार कोणाला, हे ती भाषा सांगत नाही.

येथे एका आक्षेपाची दखल घ्यावी लागेल. अनेकांना श्रवणयंत्र खरोखरच लपवायचे असते आणि त्यांच्यावर चमकी लादण्याचा अधिकार कोणाही समीक्षकाला नाही. हे मान्यच आहे. परंतु लपवण्याची ही इच्छाही ‘आवड’ म्हणून सोडून देता येत नाही. ती बघणाऱ्यांच्या नजरेतून आलेली असते, जशी ड्रॅगनची इच्छा येते. आणि लपवण्याचा हा आदर्श सगळ्यांच्या वाट्याला सारखा आलाही नाही. ‘त्वचेचा रंग’ म्हणून जो फिकट, गुलाबीकडे झुकणारा पिवळसर रंग दीर्घकाळ प्रमाण मानला गेला तो गोऱ्या त्वचेचा होता. सावळ्या कानामागे तो लपत नाही. लांबूनही उठून दिसतो. उत्पादकांनी पुढे गडद तपकिरी, करड्या, रुपेरी छटा आणल्या, तरी तो फिकट तुकडा भारतातील कानांवर अजून दिसतो.

लहान मुलांच्या बाबतीत श्रवणतज्ज्ञांनी ही अट कधीच शिथिल केली. मुलांचे कर्णसाचे तांबडे, जांभळे, दोन-तीन रंगांच्या वलयांचे, चमकी घातलेले असतात. रंग मुलानेच निवडावा असे सांगितले जाते, कारण स्वतः निवडलेला साचा मूल कानातून काढून टाकत नाही. कान वाढतो तसतसा साचा बदलावा लागतो, आणि दर खेपेला रंग पुन्हा विचारला जातो. पुढे शाळेच्या वरच्या वर्गांत केव्हातरी तेच मूल स्वतःहून पारदर्शक किंवा त्वचेच्या रंगाचा साचा मागते. त्याच वयात त्याच्या वर्गातील एखादा गिटार शिकणारा मुलगा, पहिला मॉनिटर घेण्यासाठी पैसे साठवत, फेसप्लेटवर कोणता ड्रॅगन काढून घ्यावा याचा विचार करत असतो.